रेतीचा हिशेब आणि २१ दिवस

या महिन्यात परीक्षणासाठी घेतलेला मजकूर कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात विकत मिळत नाही. त्याला मुखपृष्ठ नसते, प्रस्तावना कोणा नामवंताची नसते, आणि वाचून अभिप्राय देण्यासाठी वाचकाला बरोबर २१ दिवस मिळतात. या मजकुराचे नाव ‘जिल्हा सर्वेक्षण अहवाल’. जिल्ह्यातील कोणत्या नदीतून, कोठून आणि किती रेती काढता येईल हे या अहवालावरून ठरते. रेतीघाटाला पर्यावरणाची परवानगी द्यायची की नाही याचा विचारही त्याच्याच आधारे होतो. आपण शिक्षक मंडळी भूगोलाच्या तासाला नदीचे कार्य शिकवतो: झीज, वहन, संचयन. त्या तीन शब्दांचा रुपयांत आणि ब्रासमध्ये केलेला हिशेब म्हणजे हा अहवाल होय. तरीही तो वाचलेला शिक्षक मला क्वचितच भेटला आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. कोणत्याही एका जिल्ह्याच्या अहवालाचे गुणदोष काढण्याचा येथे हेतू नाही. अहवाल ज्या साच्यात बसवावा लागतो आणि ज्या पद्धतीने लोकांपुढे ठेवला जातो, त्या साच्याचे व पद्धतीचे हे परीक्षण आहे. उदाहरणे बुलढाणा जिल्ह्याची घेतली आहेत, कारण एकाच जिल्ह्यात दोन वेगळ्या स्वभावांच्या नद्या पाहायला मिळाव्यात अशी सोय येथे आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेला पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या वाटेने पूर्णेला आणि पुढे तापीला मिळून अरबी समुद्रात जातो. दक्षिणेला पडलेला पाऊस पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्यातून गोदावरीकडे, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जातो. पैनगंगेचा उगमही याच जिल्ह्यातला, मढ गावाजवळचा. (पुण्यामुंबईकडे ज्याला वाळू म्हणतात त्याला आपल्याकडे रेती म्हणतात, सरकारी कागदांत दोन्ही शब्द येतात. मी रेतीच म्हणणार आहे.)

हा अहवाल आला कोठून, ते थोडक्यात पाहू. २७ जानेवारी १९९४ रोजी केंद्र शासनाने पर्यावरणीय आघात मूल्यमापनाची अधिसूचना काढली आणि ठराविक प्रकारच्या प्रकल्पांना बांधकामापूर्वी परवानगी घेणे सक्तीचे केले. जनसुनावणीची सविस्तर पद्धत १९९७ च्या दुरुस्तीने आली. १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेने काही प्रकल्पांचा निर्णय राज्य पातळीवरच्या प्राधिकरणांकडे सोपवला. लहान खाणी मात्र या सगळ्यांतून निसटत होत्या. पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्राला परवानगी लागत नसे, म्हणून मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडले जात. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात ही पळवाट बंद केली. त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवालाची योजना आणली आणि लहान घाटांच्या परवानगीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे नेमली. ही जिल्हा प्राधिकरणे फार काळ टिकली नाहीत. १३ सप्टेंबर २०१८ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्या व्यवस्थेवर ताशेरे ओढले आणि पाच ते पंचवीस हेक्टरांच्या घाटांनाही मूल्यमापन व लोकांशी विचारविनिमय हवा असे बजावले. परवानगीचे काम पुन्हा राज्याकडे गेले. अहवाल मात्र राहिला.

कल्पना म्हणून अहवाल उत्तम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. एकेका घाटाचा सुटा विचार करण्याऐवजी संपूर्ण जिल्ह्याच्या नद्यांचा एकत्र विचार व्हावा, त्यात पाऊस, भूशास्त्र, जमिनीचा वापर, नद्यांचे जाळे यांचे वर्णन असावे, गाळ कसा येतो व कोठे साठतो याची माहिती असावी, आणि दर पाच वर्षांनी तो नव्याने तयार व्हावा, अशी ही रचना आहे. प्रत्येक जिल्ह्याचा एक ताजा नदी-भूगोल दर पाच वर्षांनी सरकारी खर्चाने तयार व्हावा यापेक्षा भूगोलाच्या शिक्षकाला आणखी काय हवे?

घोटाळा होतो तो आकड्यांशी. साच्यातील ज्या तक्त्यावर पुढचे सगळे व्यवहार उभे राहतात, त्यात नदीच्या शिफारस केलेल्या भागाची लांबी, सरासरी रुंदी, क्षेत्रफळ आणि मग ‘काढता येण्याजोगे खनिज’ असा रकाना येतो. या शेवटच्या रकान्यात कंसात लिहिले आहे: एकूण साठ्याच्या ६० टक्के. हे ६० टक्के सर्व नद्यांना सारखेच. हिमालयातून दरवर्षी डोंगर वाहून आणणारी नदी असो, की आपली उन्हाळ्यात कोरडी पडणारी खडकपूर्णा असो.

वर्गात करता येईल असे एक उदाहरण घेऊ. आकडे माझ्या मनचे आहेत, कोणत्याही घाटाचे नाहीत. नदीचा १,००० मीटर लांब, ५० मीटर रुंद भाग आहे आणि तेथे सरासरी १ मीटर जाडीचा रेतीचा थर आहे. एकूण साठा ५०,००० घनमीटर. त्याचे ६० टक्के म्हणजे ३०,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, तेव्हा हे सुमारे १०,६०० ब्रास झाले. आता समजा, पावसाळ्यात नदी या भागात सरासरी १० सेंटिमीटर जाडीची नवी रेती आणून टाकते. ती झाली ५,००० घनमीटर, सुमारे १,७६५ ब्रास. म्हणजे तक्त्याने दिलेली मुभा नदीच्या वार्षिक मिळकतीच्या सहापट आहे. सातवीच्या मुलाला विचारा: वर्षाला ५,००० रुपये मिळवणाऱ्या आणि बँकेत ५०,००० असणाऱ्या माणसाने यंदा किती खर्च करावा? तो ‘साठ्याच्या साठ टक्के’ असे उत्तर देणार नाही. मिळकत किती हे आधी विचारेल.

ही मिळकत म्हणजेच पुनर्भरण. साच्यात पुनर्भरणाचा उल्लेखच नाही असे मी म्हणत नाही. वर्णनाच्या भागात तो आहे. पण वर्णनात पुनर्भरण आणि तक्त्यात ६० टक्के, अशी फारकत झाली की वाचणारा अधिकारी तक्ताच वाचतो. २०२० साली केंद्राने रेतीउत्खननावर देखरेखीची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर नदीचे आडवे छेद मोजून पुनर्भरण ठरवावे असे स्पष्ट सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात पुनर्भरणाच्या अभ्यासाविना केलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल टिकणारा नाही असा निर्णय दिला. जी गोष्ट सातवीतल्या गणितात बसते ती पक्की व्हायला २०१६ पासून साडेनऊ वर्षे गेली!

बुलढाण्याच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी धार येते, आणि ती खडकामुळे. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. ग्रॅनाइटच्या प्रदेशात खडक झिजला की क्वार्ट्झचे कण उरतात; ते कठीण असतात, लवकर कुजत नाहीत, म्हणून तेथल्या नद्यांत पांढरी-पिवळसर रेती विपुल असते. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. तो कुजला की त्याची चिकणमाती होते; आपली काळी जमीन ती हीच. त्यामुळे बेसाल्टच्या नद्या गढूळ पाणी पुष्कळ वाहतात, पण रेती त्या मानाने कमी आणतात. येथल्या रेतीची चिमूट भिंगाखाली धरली तर काळ्या खडकाचे बारीक तुकडे, झिओलाइटचे पांढरे कण आणि गारगोटीचे कपचे दिसतात. कपाशीला चांगली असणारी जमीन रेतीच्या बाबतीत कंजूष असते, हे मुलांना सांगितले तर त्यांना खडकांचा धडा एकदम आपला वाटू लागतो.

त्यात धरणांची भर. देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेवर संत चोखामेळा यांच्या नावाचा मोठा जलाशय आहे. कोणत्याही धरणात पाणी संथ झाले की जड कण आधी तळाशी बसतात. बारीक गाळ थोडाफार पुढे जातो, रेती मात्र मागेच राहते. तेव्हा अशा धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात जी रेती दिसते, तिच्यातली बरीचशी जुनी पुंजी असण्याची शक्यता असते; मधल्या ओढ्यानाल्यांनी आणलेली भर तेवढी नवी. धरणाच्या वरच्या घाटाला आणि खालच्या घाटाला एकच टक्केवारी लावली तर भूगोल कशासाठी लिहिला, हा प्रश्न अहवालाला विचारलाच पाहिजे.

रेती गेली म्हणून काय बिघडले, असेही कोणी विचारील. वरच्याच उदाहरणाकडे परत जाऊ. भरड रेतीच्या थरातून, तिच्या आकारमानाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके पाणी विहिरीला मिळू शकते. म्हणजे ५०,००० घनमीटर रेतीत सुमारे १०,००० घनमीटर, एक कोटी लिटर पाणी झाकून ठेवलेले असते; उन्हापासून सुरक्षित. ६० टक्के रेती उचलली की यातली ६० लाख लिटरांची जागा गेली. (खड्ड्यात तर जास्तच पाणी मावेल, असा आक्षेप एखादा हुशार विद्यार्थी घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. मावेल खरे, पण उघडे पाणी एप्रिल-मेच्या उन्हात वाफ होऊन जाते, आणि पात्र खोल गेले की काठच्या विहिरींतले पाणीही उताराने नदीकडे ओढले जाते.) खोल गेलेले पात्र वरच्या बाजूला खणत जाते, पुलांचे पाये उघडे पडतात. हे सगळे एका पावसाळ्यात होत नाही. म्हणूनच ते बातमीत येत नाही.

येथे लोणारची आठवण होते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि साऱ्या जगाचे लक्ष बुलढाणा जिल्ह्याकडे गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सरोवराविषयीची जनहित याचिका आधीपासून चालू होतीच. रंगाचीही दखल तेथे घेतली गेली. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे आणि नागपूरच्या ‘नीरी’कडे गेले, आणि क्षार वाढल्यामुळे मीठप्रेमी सूक्ष्मजीवांची, हॅलोआर्किआंची, वाढ होऊन रंग बदलल्याचे निष्पन्न झाले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सरोवराने स्वतःच हरकत नोंदवली, असे गमतीने म्हणता येईल. खडकपूर्णेची रेती संपताना गुलाबी होत नाही. तिच्या वतीने कोणीतरी २१ दिवसांच्या आत लिहून द्यावे लागते.

आता त्या २१ दिवसांकडे वळू. अधिसूचनेतील वाक्याचा आशय असा, की अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवावा, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस टाकावा, आलेल्या सूचनांचा विचार करावा, आणि योग्य वाटल्यास त्या अंतिम अहवालात घ्याव्यात. एवढेच. जनसुनावणीच्या नियमांशी याची तुलना करून पाहावी. २००६ च्या अधिसूचनेत सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील दैनिकात जाहिरात द्यावी लागते. मूल्यमापन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा गोषवारा जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो, आणि लोकांचे मुद्दे व त्यांवर प्रकल्पवाल्याचे म्हणणे लेखी नोंदवावे लागते. या सुनावण्या प्रत्यक्षात कशा पार पडतात हा निराळा विषय आहे. पण कागदावर तरी बोलणाऱ्याच्या म्हणण्याची नोंद आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवालाच्या त्या वाक्यात भाषेचा उल्लेख नाही, ग्रामपंचायतीचा नाही, आणि सूचना का फेटाळली हे कळवण्याचे बंधनही नाही. ‘योग्य वाटल्यास’ हे दोन शब्द सगळे काम भागवतात. ज्या कागदावर पुढच्या पाच वर्षांच्या परवानग्या ठरणार, त्याच्यासाठी एकेका प्रकल्पापेक्षाही ढिला नियम असावा, हा या साच्यातील मला सर्वांत मोठा वाटणारा दोष आहे.

भाषेचा मुद्दा भावनेचा नाही. २०२० साली केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात सुनावणीपूर्वीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. मसुदा इंग्रजी-हिंदीत आणि काळ टाळेबंदीचा. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत मसुद्याची भाषांतरे करण्यास सांगितले. केंद्राने त्याविरुद्ध अपील केले. पण हरकतींचा जो लाखोंनी पाऊस पडला, त्यावरून एवढे दिसले की कळले तर लोक लिहितात. त्या मसुद्याला पुढे अंतिम रूप मिळाले नाही.

दिवसांचे गणितही मांडून पाहावे. ग्रामसभा सर्वसाधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. मसुदा ५ जूनला लागला तर २६ जूनला मुदत संपते. त्या काळात एकही नियमित ग्रामसभा नाही, आणि शेतकरी पेरणीत. लोणारच्या किंवा संग्रामपूरच्या माणसाला बुलढाण्याला जाऊन तो कागद पाहायचा तर दिवस मोडतो. संकेतस्थळ आहे, पण शंभर-दीडशे पानांतून आपल्या गावचा घाट मोबाइलच्या पडद्यावर शोधणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्याला ठाऊक. मग २१ दिवसांत हरकती आल्या नाहीत, म्हणजे लोकांची संमती आहे, असा शेरा बसतो. गैरहजेरीला होकार म्हणायचे झाले तर आपल्या शाळांचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागेल.

सारा दोष शासनाच्याच माथी मारून मोकळे होणे मात्र बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ च्या निकालात पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करावा असे सांगितले. त्याप्रमाणे पुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या. मुले झाडे लावतात, घोषवाक्ये रंगवतात, टाकाऊतून टिकाऊ करतात. पण जाहीर सूचना कशी वाचायची, हरकत म्हणजे काय, ती कोणाला उद्देशून आणि किती मुदतीत लिहायची, हे कोठे आहे? आपण पत्रलेखन शिकवतो: वाढदिवसाचे आमंत्रण, रजेचा अर्ज, पुस्तकांची मागणी. ‘आमच्या गावाजवळील घाटाच्या पुनर्भरणाचा आकडा कोणत्या मोजणीवरून काढला ते कळावे’ असे चार ओळींचे पत्र दहावीच्या मुलाला लिहिता येणार नाही असे थोडेच आहे.

त्या पत्राला वजन यायचे असेल तर मागे मोजणी हवी, आणि ती शाळेला करता येते. मुलांना पात्रात उतरवू नये, हे निक्षून सांगतो. उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि त्यांत माणसे बुडतात. शिवाय उपसा चालू असलेल्या ठिकाणी वह्या घेऊन उभे राहणे शहाणपणाचे नाही. पण गावाजवळ पूल असेल तर शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याच्या कठड्यावरून दोरीला वजन बांधून खाली सोडता येते. ठराविक अंतरावर रंगाने खुणा कराव्यात, प्रत्येक खुणेपासून पात्राच्या तळापर्यंतची खोली मोजावी, आणि आलेखकागदावर नदीचा आडवा छेद काढावा. खांबांच्या बुडाशी पाण्याच्या भोवऱ्यांनी खळगे पडतात, म्हणून खुणा दोन खांबांच्या मधोमध घ्याव्यात. एकदा मे महिन्यात किंवा शाळा सुटण्यापूर्वी, एकदा दिवाळीच्या सुटीनंतर. दोन रेषांमधला फरक म्हणजे त्या जागी नदीने काय दिले किंवा काय गमावले ते. एका छेदावरून सगळ्या घाटाचा हिशेब निघत नाही, हे मुलांना सांगायलाच हवे. पूर आलेल्या आणि न आलेल्या वर्षांत फरक पडणारच. पण पाच वर्षांचे दहा छेद शाळेच्या कपाटात असले, तर पुढच्या वेळी जिल्ह्याचा मसुदा निघेल तेव्हा पुनर्भरणाविषयी गावाकडे स्वतः मोजलेले काहीतरी असेल.

मोजणी कोणाच्या नावे पाठवायची, असा प्रश्न नोकरीतील शिक्षकाला पडणे साहजिक आहे. सोपी वाट अशी, की आलेख आणि वही ग्रामसभेपुढे ठेवावी, ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, आणि पत्र ग्रामपंचायतीने पाठवावे. पोच घ्यायला विसरू नये. आपल्या जिल्ह्याचा अहवाल शेवटचा कोणत्या वर्षी झाला, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत विचारता येते. त्यात पाच मिळवले की पुढचा मसुदा कधी अपेक्षित आहे ते कळते, आणि दोरी कधी सोडायला लागायची तेही.